माझी नसलेली हकीकत

ओहायो, अमेरिका
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सुप्रिया,

इथं येऊन पाच आठवडे झाले आणि तुला लिहायला आज बसले. फोनवर आपलं धड बोलणंच होत नाही. तुझ्या दुकानात मोटार फिरत असते, नाहीतर गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते आणि तुझ्याकडं फोन नव्हता, तेव्हा लिहायचो तसंच लिहू या. इथलं टपाल पेठला पोचायला दोन-अडीच आठवडे घेतं म्हणे. घेऊ दे.

अभ्यास जमतोय, माणसं जमत नाहीत. आमच्या वर्गात अडतीस जण, त्यात मुली चार. प्रयोगशाळेतला माझा जोडीदार मला न विचारताच सगळ्या वायरी जोडतो आणि मला आकडे लिहायला बसवतो. जेवायला एकटीच बसते. राजुरीत कधी एकटीनं जेवल्याचं आठवत नाही मला.

पण एक नवीन कळलंय. इथं सोरोरिटी म्हणून प्रकार असतो. मुलींचं मंडळ समज. चाळीस जणी एका मोठ्या घरात राहतात. मंडळाचं नाव म्हणजे तीन ग्रीक अक्षरं, आपण त्रिकोणमितीत थीटा लिहायचो तसली. एकमेकींना बहीण म्हणतात आणि एकदा झालीस की जन्मभराची बहीण. अशी बरीच मंडळं आहेत, पण हे फक्त इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या मुलींचं. मास्टर्सच्याही घेतात. परवा त्यांच्या घरी गेले होते. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला केक आणि दुसऱ्या बाजूला खोलून ठेवलेला ड्रोन! मारिसोल नावाची मुलगी एका सर्किटच्या गणितात अडली होती, ते मी सोडवून दिलं. तिनं मला मिठीच मारली. महिन्याभरात मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता गं.

पुढच्या रविवारी दुपारी निवडीची बैठक आहे. नव्या मुलींनी एकेक करून उभं राहायचं आणि आपण या वाटेला कशा आलो ते सांगायचं. मागच्या वर्षीचे व्हिडिओ पाहिले. एकीच्या आईनं फरशा पुसून तिला शिकवलेलं, एक युद्धातून पळून आलेली. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. आणि मी? संपतरावांची एकुलती एक. द्राक्षाची बाग, दारात ट्रॅक्टर, पुण्यात क्लास. पप्पांनी फॉर्म भरला म्हणून मी इंजिनिअर झाले. हे उभं राहून सांगायची मला लाज वाटते.

काहीतरी सुचव.

तुझी प्रांजल


पेठ, ता. आंबेगाव
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रांजल,

तुझं पत्र पोचेपर्यंत तुझी बैठक होऊन गेली, मग सुचवू काय कपाळ! तरी सांगते. तुझी बाग सांग, ट्रॅक्टर सांग. दहावीला असताना तू काकांचा ट्रॅक्टर विहिरीच्या काठापर्यंत नेला होतास आणि ब्रेक कुठला हे मला विचारलं होतंस, ते सांग. हसतील तरी.

चाळीस बहिणी एका घरात आणि भांडण नाही? इथं आमच्या गल्लीत पाच जणींचं भजनी मंडळ आहे, त्यात टाळावरून दोन गट पडलेत. बाकी मला तुझं मंडळ लई आवडलं. आमच्यासारख्या, पॉलिटेक्निक एका वर्षात सोडलेल्या मोटारवाल्या बाया घेतात का, विचार एकदा.

दुकान बरं चाललंय. गोरख बाहेरची कामं बघतो, विहिरींवरच्या मोटारी उचलायच्या-बसवायच्या, आणि आत जळलेल्या मोटारींत तांब्याची तार भरायचं काम मी करते. सुरुवातीला शेतकरी मला बघून म्हणायचे, "वहिनी, मालक कुठं गेलं?" आता मलाच विचारतात, किती दिवसांत देता. मी प्रत्येक मोटार देताना अर्थिंग तीनदा तपासते. गोरख वैतागतो. नवरा असून त्याला कारण माहीत नाही.

आण्याला माहेरी जाऊन आले. आबांचा हात थंडीत आखडतो, म्हणून कळप घेऊन कोकणात यंदा गेणूचुलते जाणार. आबांनी बोअरच्या खोपीत परत उंदराचं औषध टाकलंय. दर दोन महिन्यांनी टाकतात. मला म्हणाले, "त्या एका उंदरानं माजी तीन बोटं नेली, आता एक बी जित्ता सोडायचा न्हाई." मी तोंड फिरवून चुलीकडं गेले. उंदीर नव्हताच, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. कधीतरी सांगायचं ठरवते आणि जीभच उचलत नाही.

तू काय सांगितलंस बैठकीत, ते सगळं सविस्तर लिही.

तुझी सुप्रिया


ओहायो
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुप्रिया,

मला घेतलं! दिवाळीच्या आदल्या आठवड्यात समारंभ झाला. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, सगळ्या जणी गोल उभ्या. छातीवर छोटीशी पिन लावतात. मारिसोल माझी 'थोरली बहीण' झाली, म्हणजे इथल्या सगळ्या गोष्टी ती मला शिकवणार. लक्ष्मीपूजनाला त्यांनी माझ्यासाठी दिवे आणले आणि सतरा जणींनी माझ्या हातचे बेसनाचे लाडू खाल्ले.

प्रयोगशाळेत परवा मी त्या जोडीदाराला बाजूला सारलं आणि म्हटलं, आज वायरी मी जोडणार. मागं उभं राहायला कुणीतरी आहे म्हटल्यावर आवाज निघतो गं.

बैठकीत काय, असंच गावाकडचं सांगितलं थोडंफार. त्यांना आवडलं. त्याचा व्हिडिओसुद्धा त्यांच्या पानावर टाकणार आहेत म्हणे, बघू. इंग्रजीतच आहे, तुला कंटाळा येईल, तू काही शोधत बसू नकोस.

राघूमामांच्या हाताला तिळाचं तेल कोमट करून लावत जा.

घाईत आहे. परीक्षा तोंडावर आली.

प्रांजल


पेठ
९ डिसेंबर २०२४

प्रांजल,

तुझा व्हिडिओ शोधावा लागला नाही. तोच आण्यापर्यंत आला.

संपतकाकांनी मोठ्या हौसेनं राजुरीच्या ग्रुपवर टाकला. इंग्रजी कुणाला पूर्ण कळतंय? सगळ्यांनी अंगठे दिले. मग कुणीतरी त्याचं मराठी करून खाली लिहिलं. राजुरीवरून बेल्ह्याला, बेल्ह्यावरून आण्याला. परवा सकाळी भगवंतानं ते त्याच्या हॉटेलात मोठ्यानं वाचलं. आबा तिथं चहा पीत बसले होते.

भगवंतानं काय वाचलं, ते तसंच्या तसं लिहिते, कारण मी आता ते पाठ केलंय. 'माझे वडील मेंढपाळ आहेत. मी सतरा वर्षांची असताना आमच्या बोअरवेलचा स्टार्टर मी स्वतः जोडला. माझ्या चुकीमुळं वडिलांना शॉक बसला आणि त्यांचा उजवा हात गेला. घरच्यांना वाटतं की वायर उंदरानं कुरतडली. मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. म्हणून मी इंजिनिअर झाले.'

भगवंत आधी हसला. म्हणाला, "संपतरावानं मेंढरं कवा घेतली राव?" सगळे हसले. मग एकेकाची मान आबांकडं वळली. आबांचा हात टेबलावर होता, चहाच्या ग्लासाजवळ. तीन बोटं नसलेला. सगळ्या हॉटेलानं तो बघितला.

मी चंपाषष्ठीसाठी आण्यालाच होते. आबा घरी आले. तळी भरायची होती, भरीत-भाकरी झाली होती. ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "उंदीरच व्हता ना गं?" मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. ते उठून मेंढवाड्याकडं गेले. आई मला विचारत राहिली, काय झालं, काय झालं. काल पेठला परत आले. दरवेळी आबा मला स्टँडवर सोडायला येतात. काल आले नाहीत.

तुला मी हे सांगितलं तेव्हा आपण तुमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होतो. तू म्हणालीस, कुणाला सांगणार नाही, आईची शपथ. तसं बघितलं तर तू शपथ मोडलीस असंही नाही. तू माझं कुणाला सांगितलं नाहीस. तू ते तुझं म्हणून सांगितलंस.

तुझे फोन येतायत. मी उचलणार नाही.

सुप्रिया


ओहायो
२७ डिसेंबर २०२४

सुप्रिया,

पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले.

तुला कसं झालं ते सांगू दे. मी वेगळंच ठरवून गेले होते. उभी राहिले आणि म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे. तिची गोष्ट सांगायला लागले. माझं इंग्रजी त्यांना नीट कळत नाही, त्या दिवशी घाबरून मी आणखी भरभर बोलले. त्यांना वाटलं, मी माझंच सांगतेय. मधेच एकीनं विचारलं, 'तुझे वडील आता कसे आहेत?' सगळ्या रडत होत्या. मी बरे आहेत म्हणाले. तिथं थांबवायला पाहिजे होतं. माझ्याच्यानं थांबवलं गेलं नाही. नंतर तर प्रत्येक दिवस गेला तसं ते अवघड होत गेलं.

व्हिडिओ काढून टाकायला सांगितलाय. पप्पांनाही फोन करून ग्रुपवरून काढायला लावलं. त्यांना लोक रस्त्यात विचारतात, 'संपतराव, मेंढरं कुठं बसवलीत?' मम्मी म्हणाली, ते दुधाच्या डेअरीवर जायचे थांबलेत.

राघूमामा बोलले का तुझ्याशी? एवढंच कळव. माझ्याशी नको बोलूस.

प्रांजल


ओहायो
१६ फेब्रुवारी २०२५

सुप्रिया,

सात आठवडे झाले, तुझं पत्र नाही. यायला नकोच होतं. कारण मागच्या पत्रात मी तुला पुन्हा खोटं लिहिलं.

'माझी एक मैत्रीण आहे' असं मी म्हटलंच नव्हतं. भाषेचा घोटाळा नव्हता. कुणाचा गैरसमज झाला नव्हता. माझ्या आधी जी मुलगी बोलली तिला सगळ्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या. मग माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'माझे वडील मेंढपाळ आहेत'. स्वच्छ, सावकाश इंग्रजीत. बसमध्ये येतानाच मी त्याची मनात उजळणी केली होती. आता तुला सगळं माहीत झालं.

एवढंच नाही. आपण दहा वर्षं मैत्रिणी, पण तुझ्या घरी पाणी प्यायला माझी आजी मला आडून आडून नको म्हणायची, हे तुला माहीत होतं. आणि मी इथं येऊन तुझ्याच घरची झाले. टाळ्या मिळाल्या तोपर्यंत.

गेल्या रविवारी मी मंडळापुढं उभी राहिले. त्याच खोलीत. सांगितलं की ती माझी हकीकत नाही, माझ्या मैत्रिणीची आहे, तिला न विचारता मी चोरली. तुझं नाव घेतलं नाही. माझे वडील बागायतदार आहेत हेही सांगितलं. आणि म्हटलं, 'मला कधी कुणी अडवलं नाही, हीच माझी गोष्ट.' मागं कुणीतरी खुर्ची सरकवली.

ज्या मुलीच्या आईनं फरशा पुसल्या होत्या, ती उठून निघून गेली. मी पिन काढून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या समितीनं कळवलं की वर्षभर माझं सभासदत्व बंद. पुढच्या वर्षी पाहिजे तर पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांपुढं.

त्या रविवारी निघताना मारिसोल मला दारापर्यंत सोडायला आली होती. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "आम्ही तुला त्या गोष्टीसाठी घेतलं नव्हतं गं. तू माझं गणित सोडवून दिलंस ना, तेव्हाच मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं, ही आपली." आणि दार लावून घेतलं.

म्हणजे मला गरजच नव्हती. हे कळल्यापासून मला जास्त लाज वाटते. गरज असती तर निदान काहीतरी सांगता आलं असतं.

प्रयोगशाळेत परत आकडे लिहिते आहे.

प्रांजल


पेठ
२३ मार्च २०२५

प्रांजल,

दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं आलं नसतं तर हे लिहिलं नसतं.

आबा बोलले का, असं विचारलं होतंस. तीन महिने नाही बोलले. संक्रांतीला गेले, तर माझ्या हातून तिळगूळ घेतला आणि तसाच खिशात टाकला. मागच्या बुधवारी अचानक दुकानात आले. आणे ते पेठ एकटे, दोन एसट्या बदलून. बाकावर बसले. गोरखनं पाणी दिलं, ते बाजूला ठेवलं आणि मला म्हणाले, "दाव मला. काय चुकलं व्हतं ते दाव."

मी एक जुना स्टार्टर घेतला, झाकण काढलं. सांगितलं, "आबा, ही फेजची वायर. हिचं कातडं मी जास्त सोललं व्हतं. ती डब्याच्या पत्र्याला टेकली. आन ही अर्थिंगची. ही जोडली असती तर एवढा शॉक बसला नसता. ही मी जोडलीच न्हाई."

"का न्हाई?"

"मेंढरं पाण्यावर आली व्हती. तान्हेली व्हती. मी म्हटलं, आधी पाणी चालू करू, ही मागनं जोडू."

आबांनी ती वायर हातात घेतली. उरलेल्या बोटांत धरून लई वेळ बघितली. मग म्हणाले, "मेंढरं तान्हेली व्हती, ते मला बी म्हाईत हाये. चूक कुनाकडनं बी व्हतीया. पन सात वरसं म्या त्या खोपीत औषध टाकतोय आन तू बघतीयास. मला येडा करून ठिवलं तू. ह्ये लागलं मला."

प्रांजल, मला त्यांच्या पायांवर पडता आलं नाही. हातात पाना होता, तो सुद्धा खाली ठेवता आला नाही. गोरख समोर उभा. त्यालाही त्याच मिनिटाला कळत होतं, मी तीनदा अर्थिंग का तपासते ते.

जाताना आबा म्हणाले, "तुज्या आईला मी सांगतो. तू नगं सांगूस, तू रडशील आन ती घाबरंल."

स्टँडवर मी सोडायला गेले. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो. गप्पच. पण बसलो.

गोरख म्हणाला, एका परीनं प्रांजलमुळंच हे बाहेर पडलं, तिचे आभार मान. मी त्याला म्हटलं, नाही. सांगायचं माझं काम होतं. उशिरा का होईना, मी सांगितलं असतं किंवा नसतंही सांगितलं. ते माझ्याकडं होतं. आता ते भगवंताच्या हॉटेलात आहे.

तू सगळ्यांपुढं उभी राहिलीस ते बरं केलंस. पण त्या मुली ओहायोत आहेत.

सुप्रिया


राजुरी, ता. जुन्नर
१९ मे २०२५

सुप्रिया,

मी राजुरीत आहे. आठ दिवस झाले. पेठ इथून दीड तासावर आणि मी तुला पत्र लिहितेय. तुझ्या दुकानासमोरून परवा एसटीनं गेले, उतरायची हिंमत झाली नाही.

तुझं शेवटचं वाक्य मी महिनाभर वाचते आहे. म्हणून काल आण्याला गेले. पप्पांची गाडी घेतली. पप्पा म्हणाले, मी येऊ का? मी नको म्हटलं.

आधी भगवंताच्या हॉटेलात गेले. सकाळची वेळ, सात-आठ माणसं होती. भगवंतानं ओळखलं. मी उभी राहून सांगितलं, "तो व्हिडिओ मी केला होता. त्यातली हकीकत माझी नाही. ज्यांची होती त्यांना न विचारता मी सांगितली. तुम्ही ती इथं वाचलीत तर हेही ऐका." एक म्हातारे बाबा म्हणाले, "बरं बरं. बस पोरी, चहा घे." मी चहा घेतला. त्या हॉटेलात कुठल्या खुर्चीत राघूमामा बसत असतील, एवढंच डोक्यात होतं.

मग तुमच्या घरी गेले. बानूमामी दारात होत्या. "ये गं. लांबनं आली," म्हणाल्या, पाण्याचा तांब्या दिला आणि आत निघून गेल्या. परत बाहेर आल्याच नाहीत. मी पाणी प्यायले.

मामा मागच्या अंगणात लोकर कातरत होते. डाव्या हातात कात्री, उजव्या कोपरानं मेंढी दाबून धरलेली. मी समोर जाऊन बसले. माफी मागायची वाक्यं मी विमानापासून जुळवत आले होते. त्याआधी तेच बोलले.

"त्या पोरींना माज्या हाताचं काय सांगितलं?"

"गेला म्हणून सांगितलं, मामा."

"गेला? मंग ह्ये काय हाये?" त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. "अंगठा हाये, एक बोट हाये. आन ह्या डाव्या हातानं कात्री धराया म्या एका वर्सात शिकलो. पंचवीस मेंढरं कातरतो दिसाला. ते सांगितलं का त्यांना?"

"नाही, मामा."

"मंग अर्धीच चोरली की तू."

मी रडायला लागले. त्यांनी थांब म्हटलं नाही, रड म्हटलं नाही. मेंढी पाय झाडायला लागली तसे म्हणाले, "धर. पाय धर तिचं." मी धरले. संध्याकाळपर्यंत मी पाय धरत होते, ते कातरत होते. मधे एकदाच म्हणाले, "सुप्री म्हाताऱ्या मानसासारखी झालीय. ती सतरा वर्साची असताना जे झालं ते झालं. मी तिला हसताना बघितली न्हाई लई दिस." मला कशासाठी सांगितलं ते कळलं नाही. हे तुला लिहायची परवानगी त्यांना विचारली. "लिव्ह," म्हणाले. म्हणून लिहिलं.

मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मंडळात पुन्हा जायचं की नाही, ठरवलेलं नाही. ऑगस्टमध्ये विचारतील. ६ जूनला मी परत जाते. त्याआधी तू भेटशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. 'चालेल' खोटं लिहिलं. चालणार नाही, पण बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

प्रांजल


पेठ
२५ मे २०२५

प्रांजल,

पत्र शुक्रवारी आलं. मी हसत नाही हे आबांचं वाक्य गोरखला वाचून दाखवलं. तो म्हणाला, खरं आहे. मी त्याच्यावर चिडले, आणि मग दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आईचं मनावर घेऊ नकोस. ती माझ्यावरही रुसलेली आहे, तुझ्यावर तर रुसणारच. आबा तिला म्हणाले की पोरगी कामाला बरी आहे, मेंढीला घाबरत नाही. एवढंच म्हणाले.

आता माझं ऐक. मी तुझ्यावर रागावलेली नाही, असं लिहायला बसले होते, पण ते खरं नाही. कधी असते, कधी नसते. दुकानात कुणी अनोळखी माणूस माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला की मला वाटतं, यानंही तो व्हिडिओ बघितला असेल. मग दिवसभर मान वर करून काम होत नाही. याला तू जबाबदार आहेस. आबांना खरं सांगायला मी सात वर्षं घाबरले, त्याला मी जबाबदार आहे. दोन्ही लाजा वेगळ्या आहेत. आधी मी त्या एकत्र करत होते, आता नाही करत.

आणि एक. पूर्वीसारखं सगळं तुला सांगणं मला जमणार नाही. काही घडलं तर ते जुनं झाल्यावर सांगेन. नव्यानं नाही. तुला वाईट वाटेल, वाटू दे.

मंडळात जायचं असेल तर जा. चांगल्या मुली वाटतात त्या. मारिसोलला तर मलाच भेटावंसं वाटतंय. फक्त उभी राहिलीस की त्या ट्रॅक्टरचं सांग.

पुढच्या रविवारी दुकान बंद आहे. दुपारी ये. जेवायलाच ये, मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी करते. नवी जागा तुला माहीत नाही, रस्त्याच्या कडेचं दुकान आम्ही मार्चमध्ये सोडलं. स्टँडवर उतर आणि कुणालाही विचार, मोटारवाली सुप्रिया कुठं राहते. इथं सगळे ओळखतात.

विचारताना माझंच नाव सांग. तू कोण, असं कुणी विचारलं तर तुझं सांग.

सुप्रिया